जुन्या गोव्यांतील बॉम जेझूसचें मंदिर

गोव्यास जाण्याचा प्रसंग आला म्हणजे, 'तें जुनें मंदिर रोमी पंथाचें. तें आपण कशाला पहावें?' असा प्रश्न धुळें-जळगांवकडील आमचे कांहीं बंधु करितात. आमचें मत असें कीं, तें अवश्य पहावें. मात्र एखादें पुस्तक वाचावें तसें पहावें.

हें मंदिर येशूसंघानें १५९४ सालीं बांधावयास घेतलें व १६०५ सालीं त्याचें समर्पण झालें. त्या काळीं युरोपांत प्राचीन ग्रीक व रोमी इमारतींचीं मापें व खांबांच्या रीती कारागीर नव्यानें शिकत होते. तीच विद्या येथें दिसते. दर्शनी भिंतींत खालीं तीन दारें, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन वाटोळ्या. आणि सर्वांच्या वर येशूच्या ग्रीक नांवावरून घेतलेलीं तीन अक्षरें. खांबांचा काळा दगड वसईकडून आणिलेला आहे. आपल्या अजिंठ्याच्या डोंगरांत आहे तोच हा दगड.

आंत सोनेरी वेदीवर इग्नेशियस लॉयोला याची भव्य मूर्ति, व तिच्या खालीं लहानसा बाळ येशू. ज्याच्या नांवाचें मंदिर तोच लहान दिसावा, हें आम्हांस रुचलें नाहीं. तथापि न्यायानें सांगावयाचें तर इग्नेशियसची दृष्टि वर येशूच्या नांवाकडेच लागलेली आहे. फ्रान्सिस झेवियर याच्या अवशेषांची रुप्याची पेटी १६३६-३७ सालीं गोव्याच्याच सोनारांनीं घडविली. तिच्या खालील संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या फोजिनीचें असून तें १६९८ सालीं येथें बसविलें. निर्गम ३१ मधील बसालेल ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं या पेटीपाशीं घटकाभर थांबावें.

आतां भिंतींविषयीं. मंदिराचा तांबडा रंग पाहून लोक भारावतात. परंतु तो मूळचा नव्हे. भिंती जांभ्या दगडाच्या असून त्यांवर चुन्याचा पांढरा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, इमारत अधिक जुनी दिसावी म्हणून, तो काढून टाकिला. जांभा सच्छिद्र असतो. कोंकणपट्टीचा पाऊस त्यांत मुरतो व दगड झिजतो. मृगापूर्वीं धाब्यावर माती न टाकिल्यास काय होतें, हें खानदेशांतील गृहस्थास सांगावयास नको! २०२० सालीं तेथील प्रमुख धर्मगुरूंनींच पुनः गिलावा करावा अशी मागणी केली. पुष्कळांस तो तांबडा रंगच प्रिय असल्यामुळें त्यांस ही गोष्ट पटणें कठीण. परंतु आम्हांस ती मागणी योग्य वाटते.