आकडा लिहिण्याआधी

कुर्ला (पश्चिम), मुंबई

चि. ताईस,


पॅरासिटामोलच्या ब्लेंडचा अँगल ऑफ रिपोज, म्हणजे ढिगाच्या उताराचा कोन, तीनदा काढलास, तिन्ही वेळा वेगळा आला, आता सरासरी लिहून मोकळी होऊ का, असं तू परवा फोनवर विचारलंस. होऊ नकोस. आधी फनेल बघ. ढीग वाढेल तसतसं फनेल वर घ्यायचं. त्याचं टोक ढिगाच्या शेंड्यापासून २ ते ४ सेंटिमीटरवरच राहिलं पाहिजे. उंचावरून पडणारी पावडर शेंडा चेपते आणि कोन चुकतो. खालच्या बशीला कड हवी, म्हणजे ढीग नुसत्या काचेवर न राहता पावडरच्याच थरावर उभा राहतो.

मग सिलिंडरमधली टॅपिंगची चाचणी. १०० ग्रॅम पावडर न दाबता, न हलवता ओत. समज, ती २२० मिली भरली आणि टॅपिंगनंतर १६५ वर आली, तर कार इंडेक्स (आकारमान किती टक्के घटलं) २५ आणि हौसनर रेशो (आधीचं आकारमान भागिले नंतरचं) १.३३. म्हणजे जेमतेम वाहणारी. पण ५०० आणि १२५० टॅपच्या वाचनांत २ मिलीहून जास्त फरक असेल, तर पुन्हा टॅपिंग लावायचं. पोरं कंटाळतात ती इथेच.

एवढा खटाटोप कशासाठी? टॅब्लेट प्रेस पावडर तोलत नाही, डायमध्ये, म्हणजे साच्यात, मावेल तेवढी घेतो. वरच्या हॉपरमध्ये पावडर अडली की डाय अर्धवट भरते, गोळी हलकी होते आणि तिच्यातलं औषधही कमी पडतं. २५० मिलीग्रॅम किंवा त्याहून जड साध्या गोळीला सरासरी वजनापासून ५ टक्क्यांचीच मुभा आहे. ती गोळी कुणीतरी तापाने फणफणलेला माणूस विश्वासाने घेणार असतो, हे मला कायम महत्त्वाचं वाटत आलं आहे.

शिवाय आपल्याकडे पावसाळा. उन्हाळ्यात रव्यासारखी सुटणारी पावडर जुलैत मैद्यासारखी धरून बसते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तापमान, सापेक्ष आर्द्रता (आरएच) आणि पावडर किती वेळ उघडी होती ते लिही. त्याशिवाय तो आकडा मी तरी मानणार नाही.

कोनाची आणि टॅपिंगची, या दोन्ही चाचण्या सोप्या, म्हणून सगळे त्यांवरच थांबतात. हॉपरमधली पावडर मात्र स्वतःच्याच भाराखाली दबलेली असते. ती तिथून सुटेल का, हे शिअर सेलवर, म्हणजे दाबलेली पावडर सरकवून बघणाऱ्या उपकरणावर, कळतं. अँड्र्यू जेनिके यांनी युटा विद्यापीठात मोठमोठ्या कोठारांच्या अभ्यासातून ही पद्धत बसवली आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या कालिन्याच्या कॉलेजात शिअर सेल नसेल तर तुझ्या सरांची चिठ्ठी घे आणि माटुंग्याला इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) चौकशी कर. तुझा प्रबंध बांधायला देण्याआधी एवढं कर.

तुझा,
मामा