उन्हाचे पीक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा हे गाव मराठी वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असते. वि. स. खांडेकर तेथे शिक्षक होते आणि 1930 च्या मे महिन्यात तेथे मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरांत राबणाऱ्या कुटुंबांविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते.

मीठ हे उन्हाचे पीक आहे. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्याचे दहापैकी नऊ हिस्से वाफ होऊन उडून गेले, की मगच मिठाचा खडा धरू लागतो. म्हणून पावसाळा सरताच बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांचा तळ चोपून घट्ट करायचा आणि भरतीचे पाणी टप्प्याटप्प्याने आटवत न्यायचे, असा क्रम असतो. मीठ उन्हाळ्यात हाती येते आणि मेअखेरीस काम थांबते.

हा हंगाम आता दोन्ही टोकांनी आखडतो आहे. 2019 मध्ये कोकणात दिवाळीतही पाऊस कोसळला. पाऊस लांबला, की खाडीचे पाणी मचूळ राहते व ते आटण्यास अधिक दिवस लागतात. 2021 च्या मेमध्ये, ऐन काढणीच्या दिवसांत, ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत सरकत गेले. वाऱ्याने आडवे झालेले भात निदान कापता येते. विरघळलेले मीठ कोण वेचणार? अरबी समुद्र तापत असल्यामुळे तेथील वादळे वाढली आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात.

अशा वेळी मोठी रास होण्याची वाट न पाहता मीठ थोडे थोडे ओढून घेणे, राशीवर झावळ्यांऐवजी ताडपत्री घालणे, कमी भावात का होईना पण लवकर विकणे, एवढे घरच्या घरी करता येते. गोव्याच्या खाजणांत काही ठिकाणी पावसाळ्यात भात व मासळी घेण्याची जुनी रीतही आहे. कच्छच्या छोट्या रणात अनेक अगरिया कुटुंबांनी डिझेलऐवजी सौर पंप बसवून इंधनाचा खर्च वाचवला. पण तेथे खारे पाणी जमिनीतून उपसावे लागते, कोकणात ते भरतीबरोबर आपोआप येते. त्यामुळे कोकणात खरा प्रश्न पंपाचा नसून बांधाचा आहे.

उधाणाने बांधाला खांड पडली, तर वाफे बुडतातच, शिवाय शेजारची भातशेतीही नापीक होते. एका घराने ती बुजत नाही. पुढची भरती येण्यापूर्वी, प्रसंगी मध्यरात्री, दहा-वीस माणसे चिखलात उतरावी लागतात. घरातील तरुण नोकरीसाठी शहरात गेले, की हीच माणसे कमी पडतात.