पेटतो आणि विझतो : गॅस गिझरमधून विज्ञानाचा एक पाठ



नांदेड-लातूरकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी गरम पाण्याशिवाय मुलं न्हाणीघरात पाऊल टाकत नाहीत. मागच्या हिवाळ्यात आमचा गॅस गिझर रुसला. नळ सोडला की टक-टक ठिणगी पडायची, ज्योत पेटायची आणि पाच-सहा सेकंदांत विझायची. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, सेन्सर काढून डायरेक्ट करून देतो." मी नको म्हटलं. का, तोच आजचा पाठ.

सेन्सर करतो काय?
बर्नरजवळ चिनी मातीच्या बुडात बसवलेल्या धातूच्या काड्या असतात. एक ठिणगी पाडते, दुसरी ज्योतीत राहून ज्योतीची खबर देते. ज्योतीत आयन आणि इलेक्ट्रॉन असल्याने तिच्यातून अगदी थोडी, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी अशी वीज वाहते. ही वीज मिळते तोवरच सर्किट गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतं. वाऱ्याने ज्योत विझली की वीज थांबते, व्हॉल्व्ह बंद होतो. म्हणजे हा घराचा पहारेकरी आहे. तो काढला आणि ज्योत विझली, तर गॅस सुटतच राहील. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो.

आधी निदान, मग दुरुस्ती
१. ठिणगीच नाही : सेल उतरले असतील किंवा पाण्याचा दाब कमी असेल. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने जाळीत क्षार बसतात, तीही बघावी.
२. पेटून लगेच विझतो : आधी सेल नवे टाका. तरीही तेच, तर सेन्सरवर संशय घ्या.
३. ज्योत पिवळी, काजळी धरते : ज्वलन अपुरं आहे. कार्बन मोनॉक्साइडचा धोका! गिझर बंद ठेवा.

बदलताना
सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाणी बंद, सेल बाहेर. गिझर पूर्ण गार झाल्यावरच झाकण काढायचं. सेन्सरच्या काडीवर थर दिसला तर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. चिनी मातीला तडा असेल तर मात्र बदलाच. त्याच मॉडेलचा सुटा भाग आणा, वायर जुन्यासारखीच जोडा, काडीचं टोक ज्योतीत येईल असं बसवा. गॅसचा जोड हलला असेल तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. हे काम जाणकारानेच करावं, मुलांनी फक्त बघावं. शेवटी परीक्षा घ्या: गिझर चालू असताना रेग्युलेटर बंद करा. ज्योत विझल्यावर व्हॉल्व्ह मिटल्याचा 'टक्' आवाज यायला हवा.

आमच्याकडे काडी पुसली आणि गिझर सुरळीत चालू झाला. खर्च शून्य.

वर्गात विचारा
ज्योतीतून वीज वाहते, मग साध्या हवेतून का नाही? काडीवरच्या थराने काय बिघडतं? ज्वलन, विद्युतधारा आणि सुरक्षितता असे तीन धडे एका काडीत सापडतात.

पालकांनो, दोन गोष्टी मात्र आजच बघा. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत आहे ना? आणि गॅसचा वास आला तर बटण न दाबता दारं-खिडक्या उघडा, बाहेर या, मग १९०६ वर फोन करा. "डायरेक्ट करून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडून नाही म्हणा.