वीस प्रश्नांत ओळख

एकाने मनात एखादी व्यक्ती धरायची आणि इतरांनी फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारून ती ओळखायची, हा खेळ तुम्ही खेळला असाल. आता समजा, आपल्या मीरा-भाईंदर शहरातील कोणीही एक माणूस मनात धरला. तो ओळखण्यासाठी किती प्रश्न लागतील? २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती. तेव्हा हजारो प्रश्न लागतील असे वाटणे साहजिक आहे. पण गणित वेगळेच सांगते.

प्रत्येक प्रश्न असा विचारायचा, की उरलेल्यांपैकी निम्मे लोक गळून पडतील. पहिल्या प्रश्नानंतर ४ लाख उरतील, दुसऱ्यानंतर २ लाख, तिसऱ्यानंतर १ लाख. २ चा विसावा घात १०,४८,५७६ येतो. ही संख्या ८ लाखांहून मोठी आहे. म्हणजे अवघे २० प्रश्न पुरेत! इंटरनेटची आपण कोणती किंमत देतो, हे समजण्यास हे गणित उपयोगी पडते.

प्रथम फायदे पाहू. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २०१४ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर मोबाइलवरून तिकीट काढण्याची सोय झाली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि भाजीवाल्याला दहा रुपयेही फोनवरून देता येऊ लागले. पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा घरबसल्या कळतो. हे फायदे खरे आहेत, आणि ते सोडून द्या असे कोणी म्हणणार नाही.

मग वीस प्रश्नांची उत्तरे कोण देते? बहुतेक वेळा आपणच, नकळत. उदाहरणार्थ, फोनला आपली जागा कशी कळते ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत रेडिओलहरी पाठवत असतात. डोक्यावर असलेल्या उपग्रहाची लहर आपल्यापर्यंत सुमारे ०.०६७ सेकंदात पोहोचते. निदान चार उपग्रहांच्या लहरींना लागलेल्या वेळांवरून फोन आपले स्थान काढतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. फोन या लहरी फक्त ग्रहण करतो, जसा रेडिओ करतो. तुम्ही कोठे आहात हे उपग्रहाला मुळीच कळत नाही. फोनमधील एखादे अॅप ते स्थान इंटरनेटवरून आपल्या मालकाकडे पाठवते, तेव्हाच ते इतरांस कळते. म्हणजे गुपित आकाशातून फुटत नाही, ते आपल्या खिशातून फुटते.

“पण मी माझे नाव कोठे सांगितले?” असे तुम्ही विचाराल. नावाची गरजच नाही. एखाद्या खेळाच्या अॅपने फक्त ‘मुलगा की मुलगी’ आणि जन्मतारीख विचारली असे समजा. पहिल्या उत्तराने ८ लाखांचे ४ लाख झाले. जन्माचा दिवस कळला, की ३६५ ने भागा. सुमारे १,१०० उरले. लोकांची वये ७० वर्षांत सारखी विभागली आहेत असे धरले, तर जन्मवर्ष कळताच उरतात अवघे १६! त्यात भाईंदर पश्चिमेचा ४०११०१ किंवा मीरा रोडचा ४०११०७ असा पिनकोड मिळाला, की ती संख्या आणखी घटते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी नावे काढून तपासल्या गेल्या. कोणत्या वेळी माणूस कोठे होता अशा फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता आले. सकाळचे स्थानक, दुपारची शाळा, संध्याकाळची शिकवणी, रात्रीचे घर – झाल्या चार नोंदी! ज्याच्या हाती त्या पडतील, त्याला एखादी मुलगी रोज किती वाजता, कोठून एकटी जाते हेही कळेल. धोका आहे तो येथे.

त्याच २०१३ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने एका विजेरीच्या अॅपच्या निर्मात्यांवर कारवाई केली. ते अॅप वापरणाऱ्यांचे स्थान जाहिरात कंपन्यांना पुरवीत होते. उजेड पाडण्यासाठी विजेरीला आपला पत्ता कशाला हवा?

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. पण कायदा झाला तरी घराची कडी आपणच लावायची असते.

त्यासाठी एकच कसोटी पुरे : हे काम करण्यासाठी ही माहिती खरोखर लागते का? नकाशाला स्थान लागते. गणकयंत्राला लागत नाही. लागत असेल, तर ‘वापरत असतानाच’ हा पर्याय निवडावा.

करून पाहा : आईवडिलांबरोबर बसून घरातील फोनच्या सेटिंगमध्ये कोणकोणत्या अॅपला स्थान, संपर्क व मायक्रोफोन यांची परवानगी आहे त्याची यादी करा. प्रत्येकापुढे ‘गरज आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहा आणि नको त्या परवानग्या काढून टाका.

सोडवून पाहा : २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्यांतील एक व्यक्ती ओळखण्यास किती प्रश्न पुरेसे होतील? (उत्तर : २७)