मर्यादवेल

कोल्हापूरहून गगनबावड्यास जाऊन करूळ घाट उतरले, की आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो. तेथून पश्चिमेस समुद्र आहे. भरतीचे पाणी जेथवर चढते, त्याच्या थोडे वर, तापलेल्या वाळूवर एक हिरवी वेल दूरवर पसरलेली दिसते. तीच मर्यादवेल.

दसऱ्याला तुम्ही सोने म्हणून आपट्याचे पान देता ना? या वेलीचे पान तसेच, टोकाशी दुभंगलेले असते. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली तिला 'शेळीचा पाय' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. तिची जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराची फुले सकाळी उमलतात आणि दिवस मावळण्यापूर्वी कोमेजतात.

मराठी नाव मात्र पानाफुलांवरून पडलेले नाही. समुद्र या वेलीची मर्यादा ओलांडत नाही, अशी जुनी समजूत त्या नावात आहे. ही समजूत निराधार नव्हे. रोजच्या भरतीखाली बुडणाऱ्या वाळूत ही वेल मूळ धरत नाही. म्हणून तिची कड पाहून भरतीची सीमा कळते. शिवाय तिच्या पेरापेरांना मुळे फुटतात आणि ती वाळू धरून ठेवतात. वाऱ्याने उडालेली वाळू पानांत अडते, साचते आणि तिची टेकडी होते. वादळात लाटांचा पहिला मारा ही टेकडी सोसते. मागच्या माडांना व घरांना तिचा आधार असतो.

या वेलीची लागवड अवघड नाही. पावसाच्या आरंभी तीन-चार पेरांचा तुकडा वाळूत आडवा पुरावा. बी लावायचे असल्यास त्याचे कठीण कवच खरखरीत दगडावर किंचित घासावे व बी रात्रभर पाण्यात भिजवावे. याच कवचामुळे ते समुद्रावर तरंगत दूरदेशीच्या किनाऱ्यांवर जाऊन रुजते. आपल्याकडे काळ्या मातीत पाणी साचते. म्हणून कुंडीत पुष्कळ वाळू मिसळावी आणि कुंडी उन्हात ठेवावी.

घरे व रस्ते बांधताना कित्येक ठिकाणी वाळूच्या टेकड्या सपाट करतात. त्यांबरोबर ही वेलही उपटली जाते. मग सुटी झालेली वाळू वाऱ्याने उडते, लाटांनी वाहून जाते आणि समुद्र बागेच्या कुंपणाशी येतो. लोक समुद्राला दोष देतात; परंतु मर्यादा आधी माणसाने मोडलेली असते.

स्वाध्याय

१. मर्यादवेल हे नाव सार्थ कसे, ते लिहा.
२. वाळूची टेकडी कशी तयार होते?
३. तुमच्या परिसरातील एका रानफुलाचे नाव व त्याविषयीची समजूत वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.