माथ्यावरचे दैवत : श्रीरेणुका-यल्लम्मा

(अभ्यासपाठ)

धारवाडपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, सौंदत्तीच्या डोंगरावर श्रीयल्लम्मेचे ठाणे आहे. सौंदत्ती म्हणजे रट्ट राजांची प्राचीन राजधानी सुगंधवर्ती. कन्नडात ‘एल्ल’ म्हणजे सर्व व ‘अम्म’ म्हणजे आई; यावरून ‘सर्वांची आई’ असा देवीच्या नावाचा अर्थ लावतात. कोल्हापूर-सांगलीकडचा मराठी यात्रेकरू आणि इकडचा कन्नड शेतकरी एकाच पायरीवर उभे राहून तिचा ‘उदो उदो’ करतात. तिची चिन्हे आपण नित्य पाहतो; त्यांचा अर्थ मात्र क्वचितच विचारतो. तोच आजच्या पाठाचा विषय.

१. कथा

महाभारताच्या वनपर्वात रेणुका ही प्रसेनजित राजाची कन्या व जमदग्नी ऋषींची पत्नी. जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजास पाहून तिचे मन क्षणभर विचलित झाले. क्रुद्ध ऋषींनी पुत्रांना मातृवधाची आज्ञा केली. चौघांनी ती मानली नाही, परशुरामाने मानली. पुढे पित्याने वर मागण्यास सांगताच त्याने प्रथम मागितले ते मातेचे जीवित, आणि वधाची आठवणही तिला राहू नये हे. लोककथेने यात एक सुंदर भर घातली आहे. रेणुका रोज ओल्या वाळूचा घडा घडवी, सर्पाची चुंबळ करी आणि त्यावरून पाणी आणी. चित्त ढळले त्या दिवशी घडा विरघळला. घडा टिकत होता तो मातीच्या बळावर नव्हे, चित्ताच्या एकाग्रतेवर.

२. चिन्हे

या कथेत सारे काही मस्तकाशी निगडित आहे. माहूरगडावर रेणुकेचे पूजन केवळ मुखरूपातील तांदळ्याचे होते. सौंदत्तीच्या परंपरेत जोगते व जोगतिणी देवीचा मुखवटा ठेवलेला ‘जग’ माथ्यावर वाहून नेतात. हातात परडी, परडीत भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि साथीला चौंडके व तुणतुणे. परडी ही जोगव्यासाठी असते : दारोदार मागावे व मिळेल ते देवीचे म्हणून स्वीकारावे. श्रीमंतालाही मागायला लावणारे हे व्रत अहंकाराचा निरास करणारे आहे.

३. उपासना

यात्रेकरू प्रथम जोगुळभावीच्या तीर्थात स्नान करतात. पतीच्या शापाने व्याधिग्रस्त झालेली रेणुका येथेच बरी झाली, अशी श्रद्धा आहे. मार्गशीर्षातील पौर्णिमेस मराठी भाविक ‘रांडाव पुनव’ म्हणतात, तर माघातील पौर्णिमेस ‘अहेव पुनव’. पहिलीस देवीचे वैधव्य मानून बांगड्या उतरवितात, दुसरीस सौभाग्य परत आल्याचा सोहळा होतो. येथेही कथेचाच क्रम आहे : हानी, आणि मग पुनर्जीवन.

४. दूरदेशीची साक्ष

माथ्यावर दैवत वाहण्याची रीत आपल्याच देशापुरती नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियात योरुबा लोकांची ओशुन ही नदीदेवता आहे. पितळ, आरसा, फणी व मध ही तिची प्रिय द्रव्ये. ओशोग्बो नगराजवळील तिच्या पवित्र वनास २००५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. गुलाम करून समुद्रापार नेलेल्या योरुबांनी तिची भक्ती क्युबा व ब्राझीलमध्येही जिवंत ठेवली. ऑगस्टमधील उत्सवात राजकुलातील एक कुमारिका नैवेद्याचा भोपळा माथ्यावर घेऊन नदीपर्यंत चालत जाते. तिला ‘अरुग्बा’ म्हणतात. तिचा विवाहकाळ आला की हा मान दुसऱ्या कुमारिकेकडे जातो आणि पहिली आपल्या संसाराला मोकळी होते.

५. बोध

येथे आपण थांबून स्वतःकडे पाहिले पाहिजे. यल्लम्मेच्या नावावर आपल्या या भागात शेकडो मुलींना ‘सोडण्यात’ आले. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधले की मुलीचे लग्न संपले, आणि पुढे तिच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याच्या वासनेचे दास्य आले. केसांत जट झाली एवढ्यावरून ‘देवीने मागणे केले’ असे ठरविले जाई. वस्तुतः न विंचरलेले, न धुतलेले केस एकमेकांत गुंतून जट होते. ती कापल्याने कोणतेही दैवत कोपत नाही.

धारवाड मुंबई इलाख्यात असताना, १९३४ सालीच, मुली वाहणे कायद्याने निषिद्ध झाले. कर्नाटकाने १९८२ साली अधिक कडक कायदा केला. त्यात मुलगी वाहणाऱ्या आईबापांस इतरांहून अधिक, दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठरविली होती, आणि पूर्वी वाहिलेल्या स्त्रीचा विवाह वैध मानला होता. महाराष्ट्राचा कायदा २००५ सालचा.

पण कायद्याच्या आधीही कथेने निवाडा दिलेला आहे. मातेचे मस्तक तुटले, तेव्हा पुत्राने पहिला वर मागितला तो तिच्या जीविताचा. ज्या देवीच्या कथेचा शेवट स्त्रीला पुन्हा जिवंत करण्यात आहे, तिच्या नावाने मुलीचे आयुष्य संपविणे ही भक्ती कशी म्हणावी? जग माथ्यावर घ्यावा तो स्वेच्छेने आणि स्वतः. आपला नवस लेकीच्या माथ्यावर ठेवू नये. परडी भरावी, भंडारा उधळावा, जोगवा मागावा. देवीला एवढे पुरेसे आहे.

मननासाठी :
(१) वाळूचा घडा कशावर टिकत होता, आणि आपल्या उपासनेत त्या जागी काय आहे?
(२) आपल्या घरी वा शेजारी कोणाच्या केसांत जट झाली, तर आपण कोणता सल्ला द्याल?