मडक्यावरची होडी



घराचा पाया खणताना कुदळ एखाद्या मडक्यावर आपटली, तर काय होते? काम थांबते. चार माणसे धावत येतात. "गुप्तधन लागलं रे!" अशी बोंब होते. कोणी तरी मडके फोडतो. आत नुसती माती निघाली, की सगळे हिरमुसतात आणि खापऱ्या उकिरड्यावर जातात. सोने नाही, म्हणजे काहीच नाही, असे आपण धरून चालतो.

हे बरोबर आहे का? आज दोन गोष्टी वाचू. मग तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट इंग्लंडातली. तिथे सटन हू नावाची जागा आहे. नदीच्या वरच्या अंगाला मातीचे जुने उंचवटे होते. जमीन एडिथ प्रिटी नावाच्या बाईंची. त्यांनी ते उंचवटे खणायला बेझिल ब्राऊन नावाचा माणूस लावला. हा ब्राऊन काही मोठा पंडित नव्हे. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो बापाच्या शेतात राबू लागला. पण वाचायची गोडी दांडगी. पुढचे सारे तो आपले आपण शिकला.

१९३९ साली खणताना गंजलेला लोखंडी खिळा लागला. मग दुसरा, मग तिसरा. खिळे ओळीने होते. दुसरा कोणी असता, तर खिळे उपटून बाजूला फेकता. ब्राऊनने एकही खिळा हलवला नाही. हलक्या हाताने माती काढीत गेला. तेव्हा काय दिसले? एक भले मोठे जहाज! सुमारे ९० फूट लांब. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. पण खिळे जागच्या जागी होते, आणि मातीत जहाजाचा ठसा उमटला होता.

नदीवरून जहाज ओढून आणून त्यात एका राजाला पुरले होते. ही सुमारे १४०० वर्षांपूर्वीची गोष्ट. जहाजाच्या मधोमध लाकडी खोली केलेली होती. तिच्यात शिरस्त्राण, तलवार, ढाल, चांदीची भांडी, सोन्याचे बक्कल आणि सोन्याची ३७ नाणी निघाली. राजाचे शरीर मात्र मातीने खाऊन टाकले होते. चौकशी होऊन तो ठेवा प्रिटीबाईंच्या मालकीचा ठरला. बाईंनी तो सगळा देशाच्या संग्रहालयाला देऊन टाकला.

आता दुसरी गोष्ट. ही आपल्या घरची आहे.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशी जाणती मंडळी त्यात होती. खाली एक जुने गाव सापडले. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी वसलेले आणि पुढे सुमारे ९०० वर्षे नांदलेले.

त्या गावात पाच खोल्यांचे एक मोठे घर होते. शेजारी धान्याचे कोठार. घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण पुरलेला होता. रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला! त्याच्याबरोबर एक मडके होते. मडक्यावर चित्र काढले होते. कसले? लांब वल्ह्यांच्या होडीचे!

इंग्लंडातल्या राजाला खरे जहाज मिळाले. आपल्या गावच्या पाटलाला होडीचे चित्र मिळाले. पण मेलेल्याला पैलतीरी जायचे असते, ही समजूत दोन्हीकडे दिसते. आपले लोक वैतरणी नदी म्हणतात, ते आठवा.

रांजणात सोने नव्हते. मग मिळाले काय? नीट पाहा. त्या गावात इतर मोठी माणसे मेल्यावर आडवी, उत्तरेकडे डोके करून पुरीत. त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. मेलेला भूत होऊन पळू नये, म्हणून असे करीत असावेत, असा जाणकारांचा तर्क आहे. या माणसाची पावले मात्र शाबूत होती. म्हणजे याचा मान वेगळा. घर मोठे, कोठार जवळ, पावले शाबूत. तेव्हा हा गावचा मुखिया असावा. जळक्या दाण्यांवरून कळले, की लोक जव पिकवून खात. बांध आणि पाट सापडले, त्यावरून कळले, की शेतीला पाणी देत. पुढे पाऊसपाणी घटले. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेवटी गाव उठले.

हे सारे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. ते मातीने सांगितले. वस्तू जिथे होती तिथेच राहिली, म्हणून सांगितले. गुप्तधनाच्या लोभाने कोणी रात्री तो रांजण फोडला असता, तर हाती माती आली असती आणि मुखियाची गोष्ट कायमची गेली असती. आपण अक्षरे शिकतो ना? पुस्तकाची पाने फाडून उधळली, तर वाचायचे काय? जमिनीचेही तसेच आहे.

आता आपल्या कामाचे. पनवेलीत आणि आसपासच्या गावांत रोज पाये खणले जातात. उद्या तुमच्याच कुदळीला काही लागले, तर एवढे करा. हात थांबवा. वस्तू उपटू नका, धुऊ नका. जागा राखा. तहसील कचेरीत कळवा.

पुरलेल्या धनाचा कायदा १८७८ सालचा आहे. १० रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, कुठे, कोणत्या दिवशी, हे लिहायचे. लपवले, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवले आणि धन बेवारशी ठरले, तर सापडवणाऱ्याचा हिस्सा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश, असा कायद्याचा साधारण नियम आहे. सरकारला ते धन हवे असेल, तर त्याची किंमत आणि वर किमतीचा पाचवा हिस्सा सरकार देते. म्हणजे सरळ वागणाऱ्याचे नुकसान नाही.

आणि तो अर्ज आता तुम्हाला दुसऱ्याकडून लिहून घ्यायला नको. तुम्ही स्वतः लिहू शकता.

शब्दांचे अर्थ
शिरस्त्राण : लढाईत डोक्यावर घालायची लोखंडी टोपी
शाबूत : न मोडलेले
पैलतीर : नदीचा पलीकडचा काठ
बेवारशी : ज्याला मालक नाही असे

प्रश्न
१. ब्राऊनने खिळे उपटले असते, तर काय झाले असते?
२. रांजणातला माणूस मुखिया असावा, हे कशावरून?
३. तुमच्या अंगणात जुनी नाणी सापडली आहेत, असे समजून जिल्हाधिकाऱ्यांना पाच ओळींचा अर्ज लिहा.